चहासाठी मारलेली हाक

मी सातवी शिकलो. लिहायची सवय नाही. पण जे केलं ते केलं, म्हणून लिहितो.

आमचं गाव देवळीपासून आत आहे. गावात प्रार्थनेसाठी टिनाच्या छताचं एक सभागृह आहे. तिथे पहाटे लोक जमतात, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला, आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून बसतात. आम्ही त्याला सामुदायिक ध्यान म्हणतो. बायको गेल्यापासून मीही जातो. लोक म्हणतात, बुढा दुःखात होता, ध्यानानं सावरला. तिथलं सगळं पाहणारे तरुण मास्तर तर दुसऱ्यांना माझं उदाहरण देतात. "काकाजीकडे पाहा, कसे शांत बसतात."

मी शांत बसत नाही. मी लाजेनं बसतो. मान खाली असते ती त्याच्यामुळे.

वीसेक वर्षांपूर्वी माझी बायको त्या ध्यानाला जायला लागली. पहाटे उठायची, झाडलोट करायची, अंगावर पाणी घ्यायची आणि जायची. परत यायची तेव्हा तिचं तोंड वेगळं दिसायचं. कसं ते मला सांगता येत नाही. नुसतं बसून आलेलं माणूस असं उजळून येतं, हे मी पाहिलं नव्हतं. मला ते खपलं नाही. माझ्या घरातली बाई माझ्याशिवाय कशात तरी सुखी आहे, हे खपलं नाही. तेव्हा असं म्हणत नव्हतो. तेव्हा म्हणायचो, मला चहा उशिरा मिळतो.

एक दिवस बनियनवरच उठून गेलो आणि सभागृहाच्या दारात उभा राहिलो. आत सगळे डोळे मिटून. कोणी खोकतही नव्हतं. मी ओरडलो, "अवो, देव दिसला का? दिसला असन तं त्याले म्हना, चहा मांडून दे. माया घरी चूल थंडी पडली हाय!"

आधी एकजण हसला. मग सगळे हसले. बायाही हसल्या, तोंडाला पदर लावून. ती उठली. आसन घडी करून काखेत घेतलं. मी माझ्या चपला दाराच्या वाटेत उलट्यापालट्या टाकल्या होत्या. जाताना तिनं त्या वाकून हातानं सरळ केल्या आणि कोणाकडे न पाहता निघून गेली. घरी येऊन चहा मांडला. चहात साखर बरोबर होती.

ती परत कधी तिकडे गेली नाही. पानठेल्यावर मला शाबासकी मिळाली. "बाईले असंच वळण लावा लागते," एकजण म्हणाला. ती शाबासकी मी वर्षानुवर्षं खाल्ली. पाहुणे आले की हा किस्सा मीच सांगायचो, तिच्यासमोर, ती पोळी वाढत असताना.

मागच्या साली तिच्या छातीत पाणी झालं. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण अकराव्या दिवशी ती गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले. गाईला कुटार टाकायचं काम कायम तिचंच. ते करायला मी गोठ्यात गेलो. गव्हाणीच्या मागे, भिंतीला लागून, एका माणसापुरती जागा सारवलेली होती. शेणाचा डाग नाही. तिथे घडी केलेलं पोतं होतं, आणि बसून बसून त्याच्या मधोमध खड्डा पडला होता.

सुनेला हाक मारली. "हे काय होय?"

ती दारातच थांबली. "तिथं बसत होत्या आत्याबाई. रोज सकाळी."

"काऊन?"

"ध्यानाले."

"कवापासून?"

"मी लग्न होऊन आली तवापासून तं मीच पाह्यलं. त्याच्या आंधीचं मले नाई माहीत." मग म्हणाली, "मले म्हणत, तू अंगणात राह्य. मामाजी इकडं आले तं खोकलजो."

माझ्याच घरात माझी सून माझ्यावर पहारा देत होती आणि मला पत्ता नव्हता. मला वाटायचं, बायकोला गोठा साफ करायला एवढा वेळ कसा लागतो. तसं बोलायचोही, "शेण काढते का विहीर खोदते?" ती म्हणायची, "झालंच."

मी त्या पोत्यावर बसून पाहिलं. डोळे मिटले. दोन मिनिटांत माझीच हाक ऐकू आली, चहाची. उठून गेलो.

मग वाटलं, जिथून तिला उठवलं तिथेच जाऊन बसावं. जायला लागलो. सोपं नाही ते. पहिले दोन महिने पाठ दुखली. डोक्यात सोयाबीनचा भाव, लेकाशी झालेलं भांडण, गुडघा, सगळं यायचं. श्वास मोजायला सांगतात, मी सातपर्यंत जायचो आणि चुकायचो. हळूहळू एवढं झालं की राग अंगावर यायच्या आधीच दिसायला लागला, येऊन राह्यला म्हणून. भाजीत मीठ कमी असलं तर ताट सरकवणं बंद झालं. हे ध्यानानंच झालं, खोटं कशाला बोलू? पण मन जितकं थंड होत गेलं, तितका तो दारातला बनियनवाला साफ दिसायला लागला. इकडे लोक कौतुक करत होते आणि मी ऐकून घेत होतो. म्हणजे दुसऱ्यांदा शाबासकी खात होतो, तीही तिच्याच नावावर.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मास्तर घरी आले. आमच्याकडे रीत आहे. ज्याच्या घरचं माणूस जाऊन वर्ष झालं, त्यानं ध्यान संपल्यावर त्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायचे. "काकाजी, ध्यानानं दुःख कसं हलकं झालं ते सांगा," मास्तर म्हणाले. "लोकांना प्रेरणा मिळेल." मी हो म्हटलं.

दिवसभर ठरत नव्हतं. गोड बोलून खाली बसलो असतो तर कोणी विचारणार नव्हतं. तिनं जिवंतपणी शब्द काढला नाही, आता तर काढूच शकत नव्हती. खरं बोललो तर लेकाची मान खाली जाईल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण लेकाचा विचार नंतर आला. आधी माझ्या इज्जतीचा आला.

सकाळी उभा राहिलो. दाराकडे बोट दाखवलं.

"म्या याच दारात उभं राहून माया बायकोले ध्यानातून उठवलं होतं. चहासाठी. चहाची तल्लफ नोती मले. तिचं सुख पाह्यल्या गेलं नाई. त्याच्यानंतर ती जिंदगीभर गोठ्यात बसली, चोरून. तुमी मले शांत म्हनता. मी शांत नाई. मी शरमिंदा हाय."

एवढंच बोललो. बायांच्या बाजूनं आमची शेजारीण, माझ्याच वयाची बुढी, बसल्या जागेवरून बोलली, "सांगाले लय उशीर केला तुमी, भाऊजी."

"हो," मी म्हटलं.

"आमाले काई नवीन नाई ते. आमी इथंच होतो." मग खाली पाहत म्हणाली, "अन् हासलो बी होतो. ते कोण सांगन?"

त्या दिवशी माझी पाठ कोणी थोपटली नाही. हलकं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

घरी पोचलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. लेक मोटारसायकल काढून शेतात गेला. सून सांभाराची जुडी सोडून पानं निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मामाजी, उद्यापासून मी गेली तं चालन का ध्यानाले?"

मला आनंद झाला. मोठ्या मनानं म्हटलं, "जा ना! रोज जाजो."

खाटेवर येऊन बसलो, तेव्हा कळलं. दहा वर्षं ही पोरगी अंगणात उभी राहून सासूसाठी खोकत होती. तिलाही बसायचं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आणि आज, चारचौघांत एवढं बोलून आल्यावरही, तिला मला विचारावं लागलं. आणि मी मालकासारखी परवानगी दिली.

उठून परत तिच्याकडे गेलो. "पोरी, असं मले विचारत नको जाऊ."

"बरं मामाजी," ती म्हणाली, आणि मी समोर उभा आहे म्हणून सवयीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.