मागाच्या लाकडाची गिटार

मुंबईहून सुटे भाग मागवून मी घरी गिटार जोडत होतो. तारा ताणल्या आणि तिची दांडी धनुष्यासारखी वाकली. घरचे म्हणाले, घाल बंबात. मी ती उचलून भवानी पेठेत हातमाग दुरुस्त करणाऱ्या एका सुतारांकडे नेली. त्यांचं नाव मी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही.

दांडीवर सूत ताणून धरत त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि मान हलवली. मग आतून एक काळपट सागवानी तुकडा आणला.

"आमच्या वडलांच्या मागाचा हाय. जन्मभर ताण सोसलाय यानं. आता वाकत न्हाय."

"असू द्या की तुमच्याकडं. आठवण आहे."

"कोपऱ्यात पडून कसली आठवण?"

त्यांनी तो तासला, घासला, जुन्या दांडीवरच्या पितळी पट्ट्या त्यावर ठोकल्या. ही नवी दांडी गिटारीला बसवून तारा चढवल्या, तरी ती सरळच राहिली. मी वाजवू लागलो, तेव्हा ते दांडीच्या टोकाला तळवा लावून डोळे मिटून बसले.

"वडील विणायला बसले की घराची भिंत अशीच थरथरायची," ते म्हणाले. "थांबू नका."

मला एकच गाणं येत होतं. अंधार पडेपर्यंत मी तेच वाजवत राहिलो.