उंडीची लाच

झाडांच्या बाबतीत आमच्या आतोबांइतका लाचखाऊ माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी गावच्या देवस्थानाचा रीतसर ट्रस्ट झाला आणि देवाची पूजा करणारे आतोबाच त्याचे प्रमुख विश्वस्त झाले. ट्रस्टकडे तेव्हा होतं काय, तर लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली आणि सतरंज्या. तेवढ्या भांडवलावर आतोबांनी समुद्राशी वैर मांडलं. खारा वारा आणि उडती वाळू दरसाल सुपारीच्या वाड्यांची एकेक रांग खात होती. म्हणून ज्याला पातेली हवीत त्याने आधी किनाऱ्यावर वारा अडवणाऱ्या उंडीची दोन रोपं लावायची आणि जगवायची, असा नियम निघाला. रोप वाळलं तर पुढच्या बारशाला पातेलं मिळत नसे. माझ्या थोरल्या भावाला तर त्यांनी हळदीच्या अंगाने कळशी घेऊन वाळूत पिटाळलं होतं. आत्या चिडली, तर म्हणाले, "नवरी कुठे पळून जात नाही, रोप मात्र जाईल."

दहाएक वर्षांत उंड्या दाट झाल्या, वाड्या सावरल्या. तेवढ्यात मुंबईत नाव काढलेल्या एका गावकऱ्याने ट्रस्टला धर्मशाळा बांधून द्यायचं मनावर घेतलं. जागा हवी होती ती नेमकी समुद्र दिसणारी, म्हणजे उंड्या तोडून. गाव हरखलं, आतोबा एकटे पडले. शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं: मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळे सभामंडपात आणि अंधाऱ्या गाभाऱ्यात आतोबा एकटे. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि खाली बघत म्हणाले, डावी पडली. देवापुढे कोण बोलणार? धर्मशाळा मग बाजारपेठेत झाली.

त्यानंतर महिन्याभरात आतोबांनी पूजा पुतण्याकडे सोपवली. स्वतः गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचे. गुडघे धरले असतील, अशी आम्ही समजूत करून घेतली, आणि उंडीचं तेल चोळा म्हणून वर थट्टाही केली.

पुढे पाच-सहा वर्षांनी एका दुपारी आम्ही दोघे त्याच झाडांच्या सावलीत बसलो होतो. आतोबा आपणहून म्हणाले, "देवाने उजवी दिलीन होती रे."

देवाची क्षमा मागितलीत का, एवढंच मी विचारलं.

"मागायची तर आत जायला हवं ना," ते म्हणाले. "कुठल्या तोंडाने जाऊ?"

आतोबा आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. गावी गेलो की सोवळं नेसून मी गाभाऱ्यात जातो आणि त्यांच्या वतीने ती क्षमा मागून येतो.