सावरदरीतलं शून्य

पायथ्याच्या वाडीपासून सावरदरी तेरा किलोमीटर. त्यातले पहिले चार चढाचे. तिथं सायकलीवर बसायचं नाही, सायकल ढकलायची. पुढचे नऊ सड्यावरचे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. झाड नाही, आडोसा नाही, नुसती तांबडी खडी. उन्हाळ्यात त्याला वाळवंटच म्हणा. पावसाळ्यात धुकं असं की पुढचं चाक दिसायचं नाही, आणि वारा सायकलीसकट माणसाला आडवा करायचा. टायर वर्षाला दोन जायचे. एवढं करून पोचायचं कुठं, तर ओसाड गावात! धरण होणार म्हणून १९९६ साली सरकारनं सावरदरी उठवली, माणसं कागलकडं वसाहतीत नेऊन टाकली, आणि धरणाचा दगडही बसला नाही. घरांची कौलं गळाली, दारांत टाकळा माजला.

या वाटेनं पावसाळ्याचे चार महिने रोज जाणारा एकच शहाणा होता, भाऊसो कांबळे. त्या ओसाड गावात सरकारचं पर्जन्यमापक होतं. जमिनीत रोवलेला डबा, वर नरसाळं, आत बाटली. बाटलीत साठलेलं पाणी सकाळी साडेआठला काचेच्या मापानं मोजायचं, आकडा वहीत लिहायचा आणि खाली येऊन पाटबंधारे खात्याच्या साहेबांना फोन करायचा. धरण नाही, पण धरणाचा पाऊस मोजायचा. सरकारी डोक्याला दंडवतच घालायला पाहिजे.

भाऊसो मूळचा सावरदरीचाच, गावाबाहेरच्या बौद्धवाड्यातला; गाव उठल्यावर पायथ्याच्या वाडीत राहिलेला. गाव नांदतं होतं तेव्हा त्याच्या बापाला पाटलांच्या गल्लीतनं जाताना पायताण हातात धरावं लागायचं. आता भाऊसो त्याच गल्लीतनं घंटी वाजवत सायकल हाणायचा. बघायला कुणी नव्हतं, एवढीच त्यात खोट. ती मात्र त्याला सलायची.

नोकरी रोजंदारीची. सलग पाच पावसाळे खाडा न करता नोंद दिली की कायम करायचा प्रस्ताव पाठवू, असं साहेबांनी कबूल केलं होतं. २००१ चा पावसाळा पाचवा. बायको आक्काताई वैतागायची. बाकीचे गडी घरात चहा पीत आकडे ठोकतात, तुम्हालाच कसली हौस, म्हणायची. पाऊस काय माझ्या बापाचा हाय मनानं टाकायला, असं भाऊसोचं ठरलेलं उत्तर.

आणि त्याच वर्षी जुलैत बाटली कोरडी निघाली. मंगळवारची गोष्ट. अंगावरचा सदरा पिळला तर पेलाभर पाणी निघालं असतं, आणि बाटलीत थेंब नाही! बाटली फुटली असेल म्हणून त्यानं ती भरून पाहिली, ती काही गळेना. झक मारत शून्य लिहिलं. बुधवारी शून्य. गुरुवारीही शून्य. फोनवर साहेब फाडफाड बोलले. आसपासच्या केंद्रांवर धो धो पाऊस आणि तुझ्याकडं शून्य, म्हणजे तू घरात लोळतोस. उद्या शून्य आलं तर परवापासून येऊ नकोस. आता काय बोलायचं? घरात लोळणाऱ्यांच्या वहीत जुलै महिन्यात कधी शून्य नसतं. ते फक्त खरं जाणाऱ्याच्याच वहीत येऊ शकतं. पण हे साहेबाला सांगणार कोण? पाच वर्षांचा चढ पाण्यात जायची वेळ आली होती.

शुक्रवारी तो तासभर आधीच निघाला. सड्यावर दोनदा पडला, गुडघा फोडून घेतला, पण साडेसातला गावात पोचला. बघतो तर अंबूबाई पाटलीण बाटली उपडी करून पाणी कळशीत ओततेय.

ही अंबूबाई सत्तरीची विधवा. पोरं कारखान्यात कामाला. वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत जीव रमेना म्हणून जूनमध्ये एकटीच परत येऊन स्वतःच्या पडक्या घरात राहिली होती. पर्जन्यमापक तिच्याच खळ्यात. भाऊसोला रोज तिच्या चुलीचा धूर दिसायचा, पण दोघांत बोलणं नव्हतं.

चोरी पकडली तरी बाई दबली नाही. पाऊस कमी दिसला की धरण रद्द होईल आणि गाव परत येईल, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. भाऊसो डोक्याला हात लावून खाली बसला. मग त्यानं तिला समजावलं. धरण पावसानं अडलेलं नाही, कागदानं अडलंय. तुम्ही पाणी काढलंत तर माझी नोकरी जाईल, आणि माझ्या जागी येणारा गडी घरात बसून दुप्पट पाऊस लिहील. म्हातारीला हे पटलं. मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं की चारी दिवसांचं पाणी याच कळशीत आहे. सरकारचा माल म्हणून वापरलं नाही, झाकून ठेवलं.

भाऊसोनं माप काढलं आणि कळशीला हात घालणार, तोच ती मागं ओढत अंबूबाई म्हणाली,

"मी वततो. तू माप धर."

"नियम हाय, पाटलीणबाई. वतायचं बी मीच आणि मोजायचं बी मीच."

बाई कळशी कवटाळून कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिनं ती खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरली. भाऊसोनं कळशी उचलली, तिरकी केली आणि माप भरलं. वीस मिलिमीटरची तेरा मापं, चौदाव्यात आठ. दोनशे अडुसष्ट.

त्या आकड्याचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. चार दिवसांचा एकत्रित पाऊस म्हणून त्यानं तो कळवला. का, म्हणून साहेबांनी विचारलं, तर पाणी बाटलीत नव्हतं, आता सापडलं, एवढंच म्हणाला. आकडा शेजारच्या केंद्रांशी जुळला, आणि पुढं यथावकाश भाऊसो कायमही झाला.

पण त्या सकाळी रिकामी कळशी तशीच खळ्यात होती. आता ही बया, आपला हात लागला म्हणून, राख-चिंच घेऊन घासायला बसणार, असं समजून भाऊसो माप पुसत होता. अंबूबाई गुडघा चोळत म्हणाली,

"रिकामी झालीच हाय, तर हिरीवरनं भरून आण की. मला उतरवंना झालंय."

भाऊसोची आई त्या विहिरीच्या काठावर रिकामी घागर घेऊन तासन् तास बसायची, कुणीतरी वरनं ओतावं म्हणून. गाव उठून पाच वर्षं झाली होती. तो रोज त्या विहिरीवरनं जायचा, अडवायला चिटपाखरू नव्हतं, आणि तरी त्यानं तिच्यात कधी वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पाणी घरनं बाटलीत आणायचा. ही गोष्ट त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळली, आणि त्याला म्हातारीपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

"गावात धा माणसं असती, तर मला सांगितलं असतंसा?"

अंबूबाईनं ओस पडलेल्या गल्लीकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"न्हाय," ती म्हणाली.

खोटंच व्हय म्हणाली असती, तर भाऊसो तिथनंच टांग टाकून निघाला असता. त्यानं कळशी उचलली आणि विहिरीच्या पायऱ्या उतरला.