खडखडणारा नारळ

"चाल माजी हाय, तसं पोट पन माजंच हाय ना," असं गोमा देसले एकदाच बोलला होता. टोकावड्याच्या भजनी मंडळाला तो पेटीवर चाली बांधून द्यायचा; मी त्याच मंडळात टाळ धरायचो. बासष्ट साली मुरबाडपासून वैशाखऱ्यापर्यंत त्याच्या चाली गायल्या जात. प्रत्येक चालीचा मान म्हणून त्याला एक नारळ मिळे. मंडळाचे अध्यक्ष नानाशेठ यांच्याच किराणा-कापडाच्या दुकानात तो नारळ विकून गोमा जेमतेम अर्धा किलो तांदूळ आणी. घरात खाणारी सहा माणसं होती.

त्या वर्षी मंडळाने मुरबाडच्या स्पर्धेत शंभर रुपये जिंकले. गोमाने चालीमागे दोन रुपये मागितले. देवळातल्या बैठकीला निघताना बायकोने, सुंदराने, तांदळासाठी पिशवी दिली.

"देवाची चाल इकतोस काय रे?" नानाशेठ हसले. मंडळींनी माना डोलावल्या. याच माना त्याच्या चालींवरही डोलत असत, आणि मला त्यांची किळस आली. बक्षिसातून सतरंजी आणि टोप्या घ्यायचं ठरलं, त्याही शेठच्याच दुकानातून. गोमाच्या हाती नारळ आला.

त्याने तो सवयीने कानाशी हलवला. आतला सुका गोटा खडखडला.

"शेठ, हा गेल्या म्हयन्यात मीच तुमाला इकला व्हता. आवाज वळखतो मी."

"मानाचा नारळ जुना व्हत नाय," नानाशेठ म्हणाले. "उद्या आण दुकानात, परत घेतो."

कोणीतरी हसलं. गोमाने नारळ पेटीवर ठेवला, रिकामी पिशवी काखेत मारली आणि तो देवळाबाहेर पडला.