सात ते साडेसात

अख्ख्या कोल्हापुरात खरा न्यायी माणूस मी एकच पाहिला, आणि तो राजारामपुरीतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राऊटरखाली गादी टाकून झोपायचा. आम्ही बाकीचे तिघे त्याला पाटकरी म्हणायचो. खरे पाटकरी त्याचे वडील, आण्णा. कोडोलीकडे कुणाच्या उसाला किती वेळ पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात असे. मुलगा कागलच्या एमआयडीसीत मशीनवर लागला, पण वाटपाची खोड काही जाईना. वाटायला पाणी उरलं नाही म्हणून त्यानं आमचं इंटरनेट वाटायला घेतलं.

तसं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं म्हणा. चौघांनी एकदम मोबाइल उघडले की चौघांच्याही पडद्यावर नुसतं चाक फिरायचं. मग त्यानं पाळीपत्रक लिहिलं आणि भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवलं. स्पर्धा परीक्षा देणारा आमचा सोबती आतल्या खोलीत राहायचा आणि तिथं सिग्नल रडतखडत पोचायचा, म्हणून पहिली पाळी त्याची. "शेपटाच्या रानाला आधी पाणी. तोंडाशी हाय त्यो काय मरत न्हाय," हा आण्णांचा कायदा. तुमच्या पाळीला तुम्ही अंघोळीत असलात तर हा दारावर थाप मारून सांगायचा, "पाणी आलंय की, आणि मालक रानात न्हाय." एकदा घरमालकिणीकडच्या पाहुण्यांनी पासवर्ड मागितला. यानं स्वतःच्या वाट्यातली दहा मिनिटं दिली आणि घड्याळ घेऊन समोर बसला. "पावणं, दोन मिनिटं ऱ्हायली." ते बिचारे चहा अर्धा टाकून उठले. कुणी चोरून वापरलं तर राऊटरवर चालू असलेल्या मोबाइलची यादी बघायचा आणि नाव न घेता विचारायचा, "पाट कुणी फोडलाय?" चोराची मान आपोआप खाली जायची.

त्याची स्वतःची पाळी संध्याकाळी सात ते साडेसात. आण्णांना अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती. रविवारी हा गावी जायचाच, एरवी गावी आण्णांजवळ असणाऱ्या त्याच्या वहिनी त्यांच्यासमोर मोबाइल धरायच्या. आण्णा बरा असलेला हात वर करून बोटं हलवायचे. सगळ्यांना पुरलं का, असं विचारायची ती त्यांची जुनी खूण. हा मोठ्यांदा सांगायचा, "व्हय आण्णा, समद्यास्नी पुरलं." मग आण्णा हात खाली घ्यायचे. आम्ही सुरुवातीला हसायचो. पुढे पुढे सात वाजले की आपसूक गप्प बसायला लागलो.

एका बुधवारी क्रिकेटचा सामना रंगात आला होता. थोडाच वेळ, असं म्हणत मी आतल्या खोलीत चादर डोक्यावर घेऊन सामना लावला. बाहेर याचा आवाज चढत गेला. "आण्णा, दिसतंय काय? ऐकू येतंय काय?" मला सगळं ऐकू येत होतं, तरी मी शेवटचं षटक संपेपर्यंत मोबाइल बंद केला नाही. बाहेर आलो तेव्हा त्याच्या पडद्यावर आण्णांचा वर केलेला हात तसाच थिजलेला होता. नंतर फोन लागलाच नाही. त्यानं राऊटरकडे पाहिलं, पण पाट कुणी फोडला हे विचारलं नाही. "उद्या बोलीन," म्हणाला.

पहाटे आण्णा गेले.

तेराव्यानंतर तो परत आला आणि त्यानं नवं पाळीपत्रक लिहिलं. सात ते साडेसातसमोर माझं नाव होतं. मी म्हणालो, "अरे, ही तुझी पाळी." तो शितं चोळत म्हणाला, "मला आता कशाला? तुला मॅचला हुईल." त्याला कळलं होतं. बोलण्यात टोमणा मात्र नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

आता आम्ही चौघे चार ठिकाणी आहोत. माझ्या घरी नेट भरपूर आहे, कुणाची पाळी नाही. तरी सात वाजले की मी मोबाइल पालथा ठेवतो. बायको कारण विचारते, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. आण्णांनी त्या दिवशी हात वर करून विचारलं होतं, आणि त्यांना उत्तर मिळालं नाही. मिळालं असतं तरी खरं उत्तर, पुरलं नाही, हेच होतं.