पान उलटायची जागा

सुताराचा हा मुलगा सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीच्या नादी लागला तो एका आवाजामुळे. कॉलेजातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी एक जुनी कविता म्हटली. मुलाला अक्षर कळलं नाही, पण लाकडावरून रंधा फिरावा तसा तो आवाज त्याच्या अंगावरून फिरला. बाप म्हणाला, "जिवंत माणसांची भाषा शिकला असतास तर पोटाला तरी लागली असती." म्हणाला, आणि फी भरली.

पुढे हाच मुलगा त्याच कॉलेजात प्राध्यापक झाला. मुलं पाठीमागं त्यांना जुनेबुवा म्हणत. त्यांचा एक नेम होता. कविता आधी पुस्तक मिटून कानांनी ऐकायची, मगच उघडायची. म्हणता म्हणता सगळ्या कविता त्यांच्या जिभेवर घर करून बसल्या.

मग काचबिंदू आला. रानात पाणी चढतं तसा, आवाज न करता, अंधार कडांनी आत सरकत राहिला. शेवटी उजेडही कळेना. बायको हाताला धरून वर्गाच्या दारापर्यंत आणायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, "गुडघे धरलेत यांचे." घरी पोरांचे पेपर तीच वाचून दाखवायची. जुना शब्द आला की एकेक अक्षर उच्चारायची, दगडी वाटेवर चपला सांभाळत चालावं तशी.

"अहो, सांगून टाका आता."

"मी खुर्ची सोडली की विषयच बंद करणार आहेत. या चार पोरांची परीक्षा तेवढी होऊ दे."

"आणि कुणी ओळखलं तर?"

"कोण ओळखतंय? माझ्या पुस्तकातलं कुठलं पान कुठं संपतं, ते बोटांना पाठ आहे."

ओळखणारा होता. विभागप्रमुख. एके काळी याच वर्गात मागच्या बाकावर झोपा काढलेला माणूस. त्या दुपारी तो न सांगता वर्गात आला.

"सर, किती दिवस ते जुनं पुस्तक? आज या नव्या प्रतीतून वाचा. मुलांकडेही हीच आहे."

जुनं पुस्तक हातातून गेलं. नवं जाड होतं, टिपांनी फुगलेलं. एका पानावर किती ओळी, देव जाणे. जुनेबुवांनी सुरुवात केली. आवाज खणखणीत. पान संपलं, ओळी पुढच्या पानावर गेल्या, तरी त्यांचं बोट हललं नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान वर केली. तिला उमगलं. तिनं आपलं पान जोरात वाजवून उलटलं. जुनेबुवांनीही उलटलं. पुढच्या पानाला तसंच. त्याच्याही पुढच्या पानाला तसंच.

"हळू उलट गं," विभागप्रमुख मागून म्हणाला. "पुस्तक नवं आहे."

मग मुलीचं पान वाजलं नाही. विभागप्रमुखाची पावलं दाराकडे गेली. भिंतीवरचं बटण वाजलं.

जुनेबुवा थांबले. बटण वाजलं खरं, पण दुसरा दिवा लागला की होता तोही विझला? त्यांनी कान टवकारले. कुणी हललं नाही. गप्प राहिलं तर संशय, बोललं तर घात. त्यांनी हसून मान डोलावली.

"बरं केलंत, दुसराही दिवा लावलात. मघापासून डोळ्यांवर ताण येत होता."

खोली तळघरातली, बिनखिडकीची. कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. मुलीच्या तोंडून अर्धा शब्द निघाला आणि तिथंच विरला.

"वाचा ना, सर," काळोखातून विभागप्रमुखाचा आवाज आला. "वाचा. ऐकतोय आम्ही."

आणि ते वाचू लागले.