दोन गुणांची गल्ली

वर्गात टाळ्यांचा नुसता कडकडाट चालला होता आणि भूगोलाच्या बाईंना दरदरून घाम फुटला होता. त्यातली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांत बाईंचे स्वतःचे हातही होते! पण असं मधूनच सांगितलं तर कुणाच्या डोक्यात शिरायचं नाही, तेव्हा जरा आधीपासून ऐका.

या बाईंना पोरं पाठीमागे भिंगरी म्हणायची, आणि काही खोटं नव्हतं त्यात. वर्गात एका जागी उभ्या राहिल्या असतील तर शपथ! नदी शिकवायची म्हणजे खडू घेऊन फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं, वळण आलं की स्वतःही वळायचं. जन्म नदीकाठच्या खालच्या गल्लीतला. वडील लवकर गेले. आईनं शिलाई मशीन चालवून, अख्ख्या गावाच्या पोरांचे गणवेश शिवून लेकीला शिकवलं. लग्न झालं, नोकरी लागली आणि बाई वर टेकाडावरच्या घरात राहायला गेल्या. आईला वर आणायचे सगळे प्रयत्न फुकट. ‘माझं मशीन इथं, माझी गिऱ्हाइकं इथं. तुझ्या घरात येऊन मी काय भिंतींकडे बघत बसू?’ असं म्हणून म्हातारी ठाण मांडून बसली ती बसलीच.

तर अशा या बाईंचा जीव एका धड्यावर अडला होता. धरण आणि पूर. हा धडा काढला की पोरं माना टाकायची. बाईंनी चित्रं काढली, हातवारे केले, एकदा तर वर्गात बादली आणून सांडली. पोरं तेवढ्यापुरती हसली आणि परत पेंगली. मग कुठल्याशा शिक्षकांच्या शिबिरात बाईंनी तो कॉम्प्युटरवरचा खेळ पाहिला, आणि वेडच लागलं त्यांना. पडद्यावर एक गाव, वर धरण, धरणाला दोन दारं. वरून पाऊस थांबत नाही. कुठलं दार उघडायचं, किती उघडायचं, ते मुलांनी ठरवायचं. जे कोरडं राहून वाचेल त्याचे गुण मिळायचे.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, आधी ऐकायलाच तयार नव्हत्या. “शाळेत खेळ? उद्या पत्ते आणाल!” पण भिंगरी ती भिंगरी, डोकं खाऊन खाऊन तिनं शिक्षण खात्याकडून जुने कॉम्प्युटर मिळवलेच. तेही उधार. अट अशी की खात्याचे साहेब एकदा येऊन तास बघणार. त्यांना पटलं तर कॉम्प्युटर शाळेत राहतील, नाही पटलं तर परत. पोरांना हे सगळं ठाऊक होतं. पोरांना काय ठाऊक नसतं म्हणा!

आता नीट लक्ष द्या, घोडं इथंच पेंड खातं. हा खेळ सुरू करण्याआधी शिक्षकानं गाव मांडायचं असतं. बाईंनी हौसेनं आपलंच गाव मांडलं. पूल, बाजार, दवाखाना, शाळा, टेकाडावरची घरं, खालची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी नळ. पोरांना ओळखीचं वाटावं म्हणून. मग खेळ विचारतो, कशाला किती गुण? बाई स्टाफरूममध्ये बसल्या होत्या, मधली सुट्टी संपत आलेली, एका हातात चहा. बाजाराला दहा. दवाखान्याला दहा. शाळेला आठ. टेकाडावरच्या घरांना प्रत्येकी सहा. खालच्या गल्लीतली घरं एका खोलीची, पत्र्याची, प्रत्येकी दोन. टकटक करून आकडे भरले, चहा संपवला आणि तासाला पळाल्या. हात थबकला नाही, मनात काही आलंसुद्धा नाही!

आणि खेळ असा काही चालला म्हणता! पेंगणारी पोरं घंटा झाली तरी जागचं हलेनात. धरण म्हणजे काय, उतार म्हणजे काय, पाणी कुठून कुठं जातं, सगळं तोंडपाठ. बाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

साहेब आले त्या दिवशी वर्ग चिडीचूप. माउसवर बसवलं होतं मुंगीला. ही खालच्या गल्लीतली पोर, दिसायला एवढीशी म्हणून नाव पडलं मुंगी, पण डोकं बर्फासारखं थंड, म्हणून वर्गानंच तिला पुढं केलं. पडद्यावर पाऊस सुरू झाला. धरण भरत चाललं. उजवं दार उघडलं तर पाणी बाजाराकडे, डावं उघडलं तर खालच्या गल्लीकडे. पाणी लाल रेघेला टेकलं.

“डावं उघडू?” मुंगीनं मागं वळून विचारलं.

“उघड, उघड, पूर्ण उघड!” अख्खा वर्ग ओरडला.

मुंगीनं बटण दाबलं. पाणी सरसरत खाली गेलं. नळ गेला. मग एकेक पत्रा. शेवटी तिथं नुसतं निळं राहिलं. आणि बाजार कोरडा, शाळा कोरडी, टेकाड तर काय, कोरडं ठणठणीत! पडद्यावर अक्षरं झळकली : शाबास! गाव वाचलं! इतके गुण त्यांना आजवर कधीच मिळाले नव्हते. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्या बाईंनी वाजवल्या, पोरांनी बाकं बडवली, बाईंनीही वाजवल्या.

आणि वाजवता वाजवता त्यांची नजर त्या निळ्यावर गेली. नळाच्या शेजारचं घर आईचं. बाईंनी स्वतःच्या हातानं मांडलेलं. हात हवेतच राहिले.

बाई मुंगीजवळ गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “अगं, तुझं घर तिथं आहे ना?”

“हो बाई. आमचं पण गेलं.” पोरीच्या आवाजात ना राग ना दुःख. “तुमच्या आईचं पण गेलं. त्या आमच्या शेजारीच राहतात ना.”

“तुला ठाऊक होतं?”

“सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण बाई, कॉम्प्युटर राहायला पाहिजेत ना आपले?” मग बाईंचा पांढराफटक चेहरा बघून ती घाबरली आणि घाईघाईनं म्हणाली, “आणि दोन गुण तुम्हीच दिले होते. म्हणून वाटलं, चालत असेल.”

अरे देवा! कुणी फाडकन मुस्काटात मारली असती तरी परवडलं असतं. आपलं घर बुडवायचं तर निदान हात थरथरावा, एवढंही त्या पोरीला वाटलं नव्हतं, कारण बाईंनी सांगितलं होतं तेवढीच त्या घराची किंमत!

तिकडे साहेब खुशीत येऊन बोलत होते. “उत्तम! हाच नमुना सगळ्या शाळांना पाठवू. गाव हेच, आकडे हेच.”

“नाही!” बाई एवढ्या जोरात ओरडल्या की मोठ्या बाई दचकल्या. “आकडे चुकलेत साहेब. मी चुकवलेत. परत खेळू द्या.”

साहेबांनी घड्याळ बघितलं, पण बाईंचा अवतार बघून मान डोलावली. बाईंनी तिथल्या तिथं आकडे बदलले. कुठलंही घर असो, बाजार असो, शाळा असो, सगळ्यांना सारखेच गुण. पोरं गोंधळली. आता बुडवायचं कुणाला? भांडणं झाली, आरडाओरडा झाला, एकानं रडून घेतलं. मुंगीनं शेवटी दोन्ही दारं थोडी थोडी, पाणी लाल रेघेला टेकायच्या आधीच उघडली. पाणी सगळीकडे शिरलं, सगळीकडे घोट्याएवढं. बाजारात, दवाखान्यात, टेकाडाच्या पायथ्याशी, आणि मोठ्या बाईंच्या ऑफिसात! ते बघून पोरं अशी काही खिदळली की विचारू नका. एकही पत्रा बुडाला नाही. आणि पडद्यावर आलं : अपयश. टेकाड सोडलं तर काहीही कोरडं राहिलं नाही.

साहेबांचा चेहरा आंबट झाला. “बाई, मुलांना हरायला शिकवायचं का आपण?” एवढंच म्हणाले ते. जाताना दारात मोठ्या बाईंना सांगून गेले, “कॉम्प्युटर सोमवारी परत पाठवा.” वर्गाला ते स्वच्छ ऐकू आलं. मुंगी खाली मान घालून बसली, आणि बाईंनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

शाळा सुटल्यावर बाई घरी न जाता तडक खालच्या गल्लीत गेल्या. आई मशीनवर होती. लेकीला बघून म्हणाली, “आज वाट चुकलीस की काय गं?” आणि बाईंचा बांध फुटला. रडत, नाक पुसत त्यांनी सगळं सांगितलं, चहाचा कप, टकटक भरलेले आकडे, टाळ्या, मुंगी, परत खेळलेला डाव, काही लपवलं नाही.

म्हातारी आधी खो खो हसली. “म्हणजे मी बुडाले म्हण की! आणि तू टाळ्या वाजवल्यास!”

“आई, हसू नकोस गं.”

“बरं, नाही हसत. पण तू नंतर बदललंस ना? सगळ्या घरांना सारखे गुण दिलेस ना? मग झालं तर. रडतेस कशाला?” आईनं सुईत दोरा ओवला, मशीनचं चाक फिरवलं आणि सहज विचारलं, “आणि मला किती दिलेस?”

“तेच, बाकीच्या घरांइतके.”

“घराचं नाही विचारत. माझे किती? माझे, शेजारच्या पोरीचे, तिच्या आजोबांचे?”

बाईंच्या डोळ्यांसमोर तो पडदा आला. पूल, बाजार, दवाखाना, शाळा, घरं, नळ. पहिल्यांदाही तेवढंच आणि दुरुस्त केल्यावरही तेवढंच. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः मांडलेलं.

“आई,” त्या कशाबशा म्हणाल्या, “माणसं मी मांडलीच नव्हती.”

मशीनचं चाक फिरता फिरता थांबलं. आईनं लेकीकडे बघितलं, आणि आता ती हसत नव्हती.